सात नंबरची नळी

वडनेर भोलजी,
१८ ऑगस्ट २००६

राखी,

आज दुपारी पाऊण वाजता, वाहेदभाई टेलरच्या दुकानापुढे, पोस्टमनने तुमच्या हॉस्पिटलचा लिफाफा माझ्या हातात दिला आणि मी तो उभ्याउभ्याच फाडला. माझं जे काही बदलायचं होतं ते त्या घडीला बदललं. सकाळपर्यंत मी डोळ्यांच्या अभ्यासाचा गावातला माणूस होतो. पाऊण वाजल्यापासून मी रक्त नासवणारा झालो.

'वडनेर केंद्राच्या ६२ नमुन्यांपैकी ४४ नमुने नाकारण्यात येत आहेत. कारण : वाहतुकीतील निष्काळजीपणा. जबाबदार : क्षेत्र सहायक.' खाली सही. सही तुझी. तुमच्या लॅबच्या टिकार सरांची असती तर कागद नालीत टाकला असता आणि जेवायला गेलो असतो.

तू मला ओळखतेस. खामगावच्या कॉलेजात दोन वर्षं तुझ्या मागच्या बाकावर बसलो. मी भांडखोर आहे, मान्य. प्रॅक्टिकलच्या वहीवरून सरांच्या अंगावर धावून गेलो आणि बी.एस्सी. अर्धी टाकून घरी आलो, तेही मान्य. ती वही कोणाची होती ते तुला माहीत आहे. पण निष्काळजी?

सकाळी साडेसहाला शाळेत सिस्टर रक्त काढते. सातला नळ्या थर्मोकोलच्या डब्यात, खाली बर्फ, वर बर्फ, त्यावर ओलं पोतं. मोटरसायकलवर नांदुरा, तिथून पावणेआठची पॅसेंजर. अकोल्यापर्यंत डबा माझ्या मांडीवर. शेगावला अर्धी गाडी दर्शनाला उतरते, जागाच जागा होते, तरी मी तो बाजूला ठेवत नाही. एकदा एका म्हातारीनं विचारलं, "बाबू, परसाद हाय का त्यात?" म्हटलं, "रक्त आहे माय." ती उठून दुसऱ्या डब्यात गेली. असा मी रक्त आणतो आणि तू लिहितेस निष्काळजी.

माझं जाऊ दे. वडनेरचं नाव अभ्यासातून निघालं तर एकतीस पेशंटांचे थेंब बंद होतील. ते थेंब नांदुऱ्याच्या एकाही मेडिकलमध्ये मिळत नाहीत, तुमच्याकडूनच येतात. काचबिंदू मोतीबिंदूसारखा काढून फेकता येत नाही हे मला तुमच्याच डॉक्टरांनी शिकवलं. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस वाळत जाते, गेलेलं परत येत नाही. उरलेलं फक्त थेंबांनी धरून ठेवायचं. माझ्या आईचा डावा गेला. उजव्यानं ती फुंकणीतून पाहावं तसं पाहते. तुझ्या यादीत तिचा नंबर सात आहे. सही करताना दिसला असेल.

जबाबदार,
समाधान

◆

अकोला,
२४ ऑगस्ट २००६

श्री. समाधान यांस,

आपले पत्र मिळाले. ते लॅबच्या पत्त्यावर आल्याने टिकार सरांच्या टेबलावर फोडले गेले व प्रसादाच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचले गेले. यापुढे सोबतच्या होस्टेलच्या पत्त्यावर लिहावे. काउंटरवर फोनही करू नये.

सही माझी आहे, कारण नमुने तपासणाऱ्याने सही करायची असते. शेरा सरांनी सांगितला, मी लिहिला.

कारण तुम्हाला समजावे म्हणून लिहिते. काचबिंदू झालेल्यांच्या रक्तात काही वेगळे सापडते का, हे आपण शोधतो आहोत. उद्या एखाद्या चमचाभर रक्तावरून कळले की या माणसाची नस वाळायला लागणार आहे, तर त्याचा डोळा जाण्याआधी थेंब सुरू करता येतील. त्यासाठी प्रत्येक पेशंटमागे त्याच गावातला, त्याच वयाचा, डोळे चांगले असलेला एक जोडीदार घेतो. पेशंटच्या रक्तात शरीर आतून गंजत असल्याची एक खूण वाढलेली दिसते आणि जोडीदाराच्या रक्तात दिसत नाही, असे बाकीच्या गावांत थोडेफार आले. वडनेरमध्ये जोडीदारांच्या रक्तातही ती खूण पेशंटइतकीच आहे. चांगल्या डोळ्यांची माणसे आतून इतकी गंजलेली कशी? रक्त गरम झाले तर नळीतही असे होऊ शकते. म्हणून सर म्हणाले, डबा तापला.

डिसेंबरच्या मध्यात बैठक आहे. तोपर्यंत दुसरे काही कारण पुढे आले नाही तर वडनेर वगळतील. तोपर्यंत थेंब येत राहतील, तेवढे मी पाहीन.

आणि एक. त्या वहीसाठी मी तुम्हाला भांडायला सांगितले नव्हते.

राखी

◆

वडनेर भोलजी,
१ सप्टेंबर २००६

राखी,

तू मला 'तुम्ही' म्हणालीस. ठीक आहे. पोळ्याला बैलांनासुद्धा मान देतात.

डबा तापला नाही. परवा मी रिकाम्या नळ्यांत पाणी भरलं, तसाच बर्फ रचला, सिस्टरकडून थर्मामीटर मागून आत ठेवला आणि तीच पॅसेंजर पकडून अकोल्यापर्यंत आलो. तुमच्या हॉस्पिटलच्या गेटवर झाकण काढलं. पारा चारवर. टिकार सरांना दाखवायला आत येत होतो, पण वॉचमन म्हणाला पाण्याची तपासणी इथं होत नाही. मग तसाच परत आलो. तू गेटजवळच्या टपरीवर हिरव्या ओढणीत चहा घेत होतीस. मी हाक मारली नाही.

गावात माझं काय झालं ते ऐक. एवढे दिवस जोडीदार शोधत फिरायचो तेव्हाच लोक टपून बसलेले. रामरावांना जोडीदार शोधला तर पारावर म्हणाले, "हा पोट्टा साऱ्या गावाच्या जोड्या लावते, अन् याची लागता लागत नाही." म्हाताऱ्यांना आपलं वय माहीत नसतं. "मोठा दुष्काळ पडला तवा मले दोन लेकरं होती," यावरून मी हिशोब मांडायचो. अशी एकतीस माणसं जुळवली. आता तेच विचारतात, आमचं रक्त कोणत्या नालीत फेकलं बे? माझा बाप, आमचा बुढा कडूबा, तर रोज सकाळी चहासोबत एक वाक्य देतो. आजचं वाक्य : "हमालाले निदान बिल्ला असते."

मला एक गोष्ट पाहिजे. कोणत्या चव्वेचाळीस नळ्या खराब निघाल्या आणि कोणत्या अठरा चांगल्या, त्यांचे नंबर. बाकी काही नको.

समाधान

◆

अकोला,
९ सप्टेंबर २००६

समाधान,

नंबर मागच्या बाजूला लिहिले आहेत. नावे मला माहीत नाहीत, ती तुझ्या वहीत आहेत. हे मी द्यायला नको होते. वाचून फाडून टाक आणि टिकार सरांपुढे चुकूनही यादीचे नाव काढू नकोस.

चारवरचा पारा मी सरांना सांगितला. ते म्हणाले, त्या दिवशी चार असेल.

हिरवी ओढणी माझ्या मैत्रिणीची. पुढच्या वेळी हाक मारत जा. माणूस गेटपर्यंत येऊन वळून गेला की पाहणाऱ्याला ते बरे वाटत नाही.

या रविवारी मी उंद्रीला घरी जाणार. पाहुणे येणार आहेत.

राखी

◆

वडनेर भोलजी,
१७ सप्टेंबर २००६

राखी,

पाहुणे. मी तुझं पत्र अकरा वेळा वाचलं आणि अकराही वेळा शेवटच्या शब्दावर येऊन थांबलो. किती एकर आहे त्यांचं? मुलगा काय करतो? मला काय करायचं आहे म्हणा. तरी लिही.

आता कामाचं. वाहेदभाईच्या दुकानात, कापड कापायच्या टेबलावर मी वही उघडली आणि तुझे नंबर नावांना लावले. चांगल्या अठरांत पहिलाच नंबर वाहेदभाईचा निघाला. मग बिस्मिल्ला बांगडीवाली. मग पोस्टमास्तर, शाळेत खिचडी शिजवणारी कोकिळा, न्हाव्याच्या दुकानातले दोघे, खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडलेली मंजुळाबाई. वाहेदभाई मशीन चालवता चालवता म्हणाला, "बे समाधान, ये तो सब बिना वावरवाले है."

राखी, मी वही पुन्हा वरून खाली पाहिली. अठरांपैकी एकही जण वावरात जात नाही. वावर असेल तर ठोक्यानं दुसऱ्याला कसायला दिलेलं आहे.

मग मी खराब चव्वेचाळीस घेतले. घरोघर गेलो. एकच प्रश्न : रक्त दिलं त्या आठवड्यात काय करत होता? "फवारा मारून राह्यलो होतो, दुसरं काय?" नवीन बीटीचं बियाणं घेतलं तेव्हा सांगितलं होतं, आता अळी नाही, फवारा नाही. अळी कमी झाली खरी, पण मावा आणि तुडतुडे काही बियाण्याच्या पिशवीवरचं वाचत नाहीत. जुलैच्या शेवटापासून दसऱ्यापर्यंत गाव पाठीवर पंप घेऊन कपाशीच्या पऱ्हाटीत उभं असतं. तोंडाला दस्ती, पायात काही नाही, वाऱ्याच्या अंगानं चालायचं म्हटलं तरी वारा कुठं एका बाजूनं येतो.

आता डब्याचं बघ. रामरावांची नळी पंधरा नंबर, त्यांचा जोडीदार वाहेदभाई सोळा. एका सकाळी, एकाच सुईवालीनं काढलेलं रक्त, डब्यात शेजारी शेजारी उभं. पंधरा खराब, सोळा चांगली. बर्फाला काय कळतं कोण शेतकरी आणि कोण टेलर? डबा तापला असता तर वाहेदभाईही नासला असता. रक्त नळीत खराब झालं नाही राखी. ते अंगातच तसं होतं.

हे मी कोणाला सांगू? एक नंबर आडवा येतो. सात. आई पंप उचलत नाही. तिला ओळच दिसत नाही, ती फवाऱ्याला चालणार कशी? तरी तुझ्या यादीत सात नंबर खराब, आणि पुढं तू दोन फुल्या मारल्यास. त्रेचाळीस जुळतात आणि माझ्याच घरचा एक जुळत नाही.

समाधान

◆

अकोला,
२६ सप्टेंबर २००६

समाधान,

तुझे पत्र मी होस्टेलच्या गच्चीवर कपड्यांच्या दोरीखाली वाचले आणि मग पुन्हा वाचले. पंधरा आणि सोळा. इतकी सोपी गोष्ट इथे पाच शिकलेल्या माणसांना दिसली नाही, मीही त्यातली एक.

आता माझे ऐक. नाकारलेले नमुने जाळायला पाठवायचे असतात. रजिस्टरमध्ये तसे लिहिलेही आहे. पण मी ते पाठवले नाहीत. चव्वेचाळीसही नळ्यांतले उरलेले सीरम खालच्या फ्रीझरमध्ये, मागच्या बाजूला, 'जुने कंट्रोल' अशी चिठ्ठी लावून ठेवले आहे. त्यांच्याजवळ चांगले अठराही आहेत. का ठेवले ते विचारू नकोस. तुझ्यावर विश्वास होता असे लिहिले तर तू डोक्यावर चढशील. जून महिन्यात वडनेरसाठी मुलगा कोण हा प्रश्न आला तेव्हा तुझे नाव मी दिले होते. तू नासका निघालास तर मीही निघते, असे समज.

विषबाधेचे पेशंट येतात तेव्हा त्यांच्या रक्ताची एक टेस्ट करतात, कोलिनेस्टरेज. फवाऱ्याच्या औषधाने ते खाली जाते. रक्त डब्यात तापले म्हणून ते अशी माणसे निवडून निवडून खाली जाणार नाही. माझी मैत्रीण दुसऱ्या लॅबमध्ये आहे, तिच्याकडे ही मशीन आहे. तिला पटवायला थोडे दिवस लागतील.

पण सात नंबर सोडव. टिकार सर त्रेचाळीस बघणार नाहीत, एकच बघतील आणि हसतील. आणि दोन फुल्या म्हणजे काय ते तुला सांगायला हवे. ६२ मध्ये सर्वांत वाईट रक्त तुझ्या आईचे आहे.

पाहुण्यांचे पंधरा एकर आहे, विहीर आहे, मुलगा शिक्षक आहे. पोहे छान झाले होते.

राखी

◆

वडनेर भोलजी,
५ ऑक्टोबर २००६

राखी,

सात नंबर सुटला. हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं.

परवा दसऱ्यानंतरचा शेवटचा फवारा होता. आमच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या लिंबाच्या सावलीत पाण्याचा ड्रम असतो. आई तिथं बसते. मी पंप भरून घ्यायचो आणि पऱ्हाटीत शिरायचो, परत यायचो, भरायचो, जायचो. चार वर्षं. ड्रमकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. गावभर लोकांना विचारत फिरलो की तुम्ही त्या दिवशी काय करत होता, आणि घरी विचारलं नाही.

परवा मी पंप खाली ठेवला आणि तिथंच उभा राहिलो. आईनं बाटलीचं बूच चाचपून काढलं, बुचानं माप घेतलं, दोन बुचं ड्रममध्ये सोडली. मग बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. ढवळायला लागली.

"हे काय करून राह्यली माय?"

"दिसत नाही का तुले? कालवून राह्यली."

"हातानं?"

"मंग कायनं? तुम्ही म्हणता पाणी दुधासारखं झालं पाह्यजे. मले दूध दिसते का? काठीले कळते का? हाताले कळते. बुळबुळ गेली का समजायचं झालं."

"केव्हापासून करतेस?"

"डोळा गेला तवापासून. तूच तं म्हणला होता, माय, तू आता सावलीत बस, सोपं काम कर."

मी म्हणालो होतो. मला आठवतं. घरातलं बसून राहिलेलं माणूस कामाला लागलं म्हणून आम्ही बापलेक खूश झालो होतो. तिच्या हाताचं मापही बरोबर यायचं. शेजारच्या दोन वावरांतले लोक त्यांचा ड्रम तिच्याकडून कालवून न्यायचे, म्हणायचे, विमलबाईचा हात लागला का पंपाचं तोंड बुजत नाही.

मी ड्रमला लाथ मारली. सगळं पांढरं पाणी धुऱ्यावर सांडलं. बुढा तिकडून ओरडत आला, "लेकाच्या, डोकं फिरलं का तुझं?" आईला विहिरीवर नेलं, तिचा हात साबण लावून बोटांपासून दंडापर्यंत चार वेळा धुतला. ती हसून म्हणाली, "लग्नातली हळद इतकी घासली नव्हती कोनं." मग म्हणाली, "तू रडतेस काऊन बे? डोया माहा गेला का तुहा?"

बुढ्याला मी सगळं समजावून सांगितलं. त्यानं ऐकलं. चहा झाला तरी त्या दिवशी त्याचं वाक्य आलं नाही.

डोळा औषधानं गेला असं मी म्हणत नाही. तुझे डॉक्टर म्हणाले होते की काचबिंदू तिच्या आईलाही होता. पण तुमच्या यादीत वडनेरची माणसं बाकी गावांसारखी का दिसत नाहीत, ते मी आता कोणाच्याही तोंडावर सांगू शकतो.

शिक्षक चांगले असतात. पोह्यांचंही बरं झालं.

समाधान

◆

अकोला,
२८ ऑक्टोबर २००६

समाधान,

दिवाळी झाली म्हणून उशीर. कागद सोबत जोडला आहे, तो मात्र फाडू नकोस.

चव्वेचाळीसपैकी एकोणचाळीस जणांचे कोलिनेस्टरेज खाली. अठरांपैकी एकाचेही नाही. सर्वांत खाली नंबर सात. हे मी तीन वेळा करून घेतले. मैत्रिणीला आता माझे तोंड बघायचे नाही.

मी कागद टिकार सरांपुढे ठेवला. फ्रीझरमधल्या नळ्यांचेही सांगितले. ते आधी लाल झाले, मग कागद घेऊन आत गेले आणि बऱ्याच वेळाने बाहेर आले. म्हणाले, "एका टेस्टवर मी शेरा मागे घेणार नाही. फवारे थांबू देत, दीड महिना जाऊ दे, तीच माणसे, तोच डबा, तोच मुलगा. रक्त पुन्हा आणा. या वेळी सुधारले तर मानीन." मला वाटले होते नोकरी जाईल. त्याऐवजी काम वाढले.

तेव्हा नोव्हेंबरच्या शेवटी सगळे बासष्ट. एकही कमी नको.

उंद्रीला आलेल्या पाहुण्यांना नाही म्हणून कळवले. त्याचे कारण तू नाहीस. युनिव्हर्सिटीचा उन्हाळी परीक्षेचा फॉर्म नोव्हेंबरात निघतो. कारण व्हायचे असेल तर भर.

आईच्या हाताला आता काय काम आहे?

राखी

◆

नांदुरा स्टेशन,
२७ नोव्हेंबर २००६

राखी,

ही चिठ्ठी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवली आहे, म्हणजे ती टिकार सरांच्या आधी तुला मिळेल.

बासष्टपैकी एकसष्ट. रामरावांनी हात मागं घेतला होता, "एकदा फेकलं, आता दुसऱ्यांदा कायले?" तेव्हा वाहेदभाईनं दुकान बंद केलं, त्यांच्यापुढे येऊन बाही वर केली आणि म्हणाला, "माझं घ्या पहिले. रामरावजी, माझी जोडी तुमच्यासंगं लावली आहे, तुम्ही मोडता काय?" रामराव चिडले आणि चिडून बसले खुर्चीवर. एक नळी नाही, कारण मंजुळाबाई दिवाळीच्या आदल्या दिवशी गेली. तिचा नंबर रिकामा सोडला आहे, तिथं दुसरी कोणी बसवली नाही.

फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात काही लिहायचं नव्हतं.

आईला आता लसणाच्या पाकळ्या सोलायचं काम आहे. ती म्हणते याच्यात मजा नाही.

समाधान

◆

(पोस्टकार्ड)
अकोला,
८ डिसेंबर २००६

समाधान,

पंधरा तारखेला सकाळी अकरा वाजता ये. वही आण. स्वच्छ शर्ट. टिकार सरांना उलट बोलू नकोस.

निकाल मला माहीत आहेत. बैठकीआधी सांगणार नाही. हे पोस्टकार्ड आहे, तुमचा पोस्टमास्तर वाचेल. त्याचे रक्त चांगले आहे एवढे त्याला सांग.

राखी

◆

वडनेर भोलजी,
१६ डिसेंबर २००६

राखी,

काल तू बाहेरच्या बाकावर चाळीस मिनिटं बसून फक्त दार पाहिलंस. मी बाहेर आलो तेव्हा त्या बाकावर दोन सिस्टर, एक पेशंट आणि त्याची बायको, सगळे माझ्याकडेच बघत होते. म्हणून मी "झालं" एवढंच म्हणू शकलो आणि तू मान हलवलीस. आता आतलं सांगतो.

मोठे डॉक्टर मधे, टिकार सर बाजूला, नागपूरहून आलेले दोन पाहुणे. मला खुर्ची दिली. मी बसलो नाही, मग वाटलं उभं राहिलो तर मी आरोपी दिसतो, म्हणून बसलो.

टिकार सरांनी सुरुवात केली. "बर्फ कुठून घेतोस?" सांगितलं. "गाडी लेट झाली तर?" म्हटलं, सर, एकदा लेट झाली, जलंबला पंचवीस मिनिटं. त्या दिवसाच्या सहा नळ्या होत्या, त्यांत तीन चांगल्या निघाल्या. त्या तिघांपैकी एक न्हावी आहे.

मग मी वही उघडली. पंधरा आणि सोळा दाखवले. चष्मा लावलेले पाहुणे पुढे वाकले. विचारलं, "धंद्याचा रकाना आमच्या फॉर्मात नाही. तू कसा काय लिहिला?" म्हटलं, मी लिहिला नाही. गाव आहे, कोण काय करतो ते माहीत असतं.

मोठ्या डॉक्टरांनी नवे आकडे पुढ्यात ओढले आणि बोटानं खाली खाली उतरत गेले. तोच डबा, तीच गाडी. फवारा थांबून दीड महिन्याच्या वर झालेला. ऑगस्टात खराब ठरलेल्या जोडीदारांपैकी बहुतेक सगळ्यांची ती गंजाची खूण उतरली होती. पेशंटांची थोडी उतरली, पण जोडीदारांच्या वरच राहिली. म्हणजे बाकीच्या गावांत जे दिसत होतं तेच आता वडनेरमध्येही दिसलं. डॉक्टर टिकार सरांना म्हणाले, "आपण त्याला कचरा म्हणालो. हा तर आपल्या अभ्यासातला सगळ्यात कामाचा भाग आहे. ऑगस्टात काढलेलं रक्त आणि नोव्हेंबरात काढलेलं रक्त एका पारड्यात टाकलं असतं, तर आपला निकालच खोटा आला असता." दुसरे पाहुणे म्हणाले की बाकीची गावंही आता पुन्हा तपासावी लागतील, कुठं कोणत्या महिन्यात रक्त काढलं ते. ते आनंदानं म्हणाले नाहीत, पण म्हणाले.

मग डॉक्टरांचं बोट एका ओळीवर थांबलं. "सात नंबर कोण आहे?"

"माझी आई."

मी हाताचं सगळं सांगितलं. ड्रम, बूच, बुळबुळ. सोपं काम कोणी दिलं तेही सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "आता औषध कोण कालवतं?"

"शेवटच्या वेळी मी. काठीनं, हातमोजे घालून. पुढच्या साली कापूस अर्ध्यातच लावायचा असं बुढा म्हणते. आई बाजूला बसून सांगते, तुहं माप चुकलं."

टिकार सर पहिल्यांदा हसले. मग त्यांनीच फाइल आपल्याकडे ओढली, ऑगस्टमधला तो कागद काढला आणि 'निष्काळजीपणा' या ओळीवर आडवी रेघ मारली. वर लिहिलं, 'वाहतूक योग्य. कारण : फवारणी. शोधणारे : क्षेत्र सहायक, वडनेर व नमुने तपासनीस.' सही केली. मला दाखवलं. तुझं पद त्यांनी माझ्या पदाशेजारी लिहिलं आहे राखी, मधे फक्त एक 'व' आहे.

डॉक्टर म्हणाले, वडनेर राहील. थेंब पूर्ण अभ्यासभर चालू. पुढच्या महिन्यापासून सगळ्या जिल्ह्याच्या फॉर्मात नवा प्रश्न : शेवटचा फवारा कधी, कोणी मारला आणि कोणी कालवला. शेवटचा भाग मी घालायला लावला. मारणाऱ्याला सगळे विचारतात.

मग त्यांनी विचारलं, "शिक्षण?"

"बी.एस्सी. सेकंड इयर. सोडलं होतं. उन्हाळी परीक्षेचा फॉर्म भरला आहे."

"अचानक?"

मी दाराकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं, पण दार बंद होतं, त्यांना काय दिसणार.

"आणखी काही बोलायचं आहे?" त्यांनी विचारलं.

राखी, चार महिने मी बोलणं पाठ केलं होतं. पंप पाठीवर असताना, गाडीत डबा मांडीवर असताना. त्यात टिकार सरांसाठी अशी अशी वाक्यं होती की तू मला परत 'तुम्ही' म्हणाली असतीस. आता ते माझ्यापुढे बसले होते, त्यांच्या पेनाची शाई अजून ओली होती आणि मला त्यातलं एकही वाक्य आठवेना. म्हटलं, "थेंबांचा खोका द्या. एक चाळीसची गाडी आहे."

टिकार सर स्वतः उठले. कपाटातून खोका काढला, एकतीस बाटल्या मोजायला लागले. मी म्हटलं, तीस, सर. मंजुळाबाईची नको. त्यांनी एक बाटली काढून हातात धरली आणि ती परत खोक्यात ठेवली. म्हणाले, "गावात अजून कोणी निघेल. घेऊन जा."

मी खोका काखेत मारला, वही शर्टात खोचली, सगळ्यांना नमस्कार केला. आणि बाहेर येऊन मागं दार लावून घेतलं.